आराधना संघातले शब्द आणि कोणाचे काम काय : नव्या सदस्याला एका पानात काय द्यावे?

कडवेकर
चर्चच्या आराधना संघात, म्हणजे उपासनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या गटात, नव्याने येणाऱ्यांसाठी एक पान तयार करतो आहे. त्यावर दोनच गोष्टी हव्यात: सरावात आणि उपासनेत कानावर पडणारे शब्द, आणि कोणी काय करायचे. चांगला गाणारा-वाजवणारा माणूसही पहिल्या सरावाला गोंधळतो, कारण 'टॅग दोनदा, मग व्हॅम्पवर थांबा, पॅड सोडू नका' असले वाक्य त्याने आधी कधी ऐकलेलेच नसते.

सध्याची यादी अशी: इंट्रो, कडवे, प्री-कोरस, कोरस, ब्रिज, टर्नअराउंड, टॅग, व्हॅम्प, आउट्रो, की, कॅपो, क्लिक, क्यू, पॅड, मॉनिटर, गेन, डीआय. माणसे: लीडर, एमडी (म्युझिक डायरेक्टर), साथगायक, वादक, साउंड, स्लाइड.

तीन ठिकाणी अडलो आहे. टॅग आणि व्हॅम्प यांतला फरक थोडक्यात कसा सांगावा? लीडर आणि एमडी वेगळे कशाला लागतात? आणि शब्द मराठी करून द्यावेत की बोलले जातात तसेच ठेवावेत?

चौथी_मात्रा
टॅग शब्दांचा, व्हॅम्प वाद्यांचा. टॅग म्हणजे कोरसची किंवा ब्रिजची (कडवे-कोरसहून वेगळ्या, मध्येच येणाऱ्या भागाची) शेवटची ओळ पुन्हा म्हणणे, बहुधा दोनदा किंवा तीनदा, आणि आकडा आधी ठरलेला. व्हॅम्प म्हणजे दोन किंवा चार बारचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) कॉर्ड फिरवत राहणे, आणि किती वेळा ते ठरलेले नसते. लीडरची खूण येईपर्यंत चालू. गल्लत झाली की ठरलेली गोष्ट घडते: निम्मे वादक गाणे संपवतात आणि निम्मे फिरत राहतात.

टर्नअराउंड या दोघांहून वेगळा. कोरस संपून पुढच्या कडव्याकडे येईपर्यंतचे दोन-चार बार म्हणजे टर्नअराउंड. तिथे प्रार्थनेची एखादी ओळ बोलायची असेल तर लीडरने वेळ मोजूनच बोलावे. ७२ बीपीएमला (मिनिटाला ७२ मात्रा) ४/४ चा, म्हणजे चार मात्रांचा, एक बार साधारण ३.३ सेकंदांचा, म्हणजे चार बार १३ सेकंदांत संपतात. दोन छोटी वाक्ये बसतात, तिसरे बसत नाही.

काळी_चार
यादीतला सगळ्यात धोक्याचा शब्द 'कोरस' आहे. अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) 'कोरस' म्हणजे अख्खे छोटे गाणे, चार-सहा ओळींचे, पुन्हा पुन्हा गायचे. बँडच्या भाषेत कोरस म्हणजे गाण्याचे ध्रुवपद. 'आता कोरस घेऊ' म्हटले की जुने सदस्य नव्या गाण्याची पाने उलटायला लागतात आणि ड्रमर ध्रुवपदाचा फिल (भाग बदलतानाचा छोटा तुकडा) वाजवतो. पानावर 'ध्रुवपद' लिहा आणि सरावातही तेच म्हणा. कडवे आणि ध्रुवपद हे दोन्ही शब्द प्रत्येकाला माहीत आहेत, कोणाला शिकवावे लागत नाहीत.

मंद्रसप्तक
ध्रुवपद पटले. पण ब्रिज, टॅग, व्हॅम्प यांना मराठी शब्द घडवू नका. इन-इअरमध्ये (कानात घालायच्या छोट्या स्पीकरमध्ये) क्यू, म्हणजे पुढे काय ते सांगणारी खूण, द्यायला फार तर दोन मात्रा मिळतात. तेवढ्यात तोंडातून निघेल आणि कानाला चुकणार नाही असाच शब्द चालतो. 'ब्रिज' एका मात्रेत बसतो, 'सेतूखंड' बसत नाही.

लीडर आणि एमडी वेगळे असण्याचे कारणही हेच आहे. लीडरचे तोंड मंडळीकडे, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांकडे, असते आणि त्याचा माइक सगळ्या सभागृहात ऐकू जातो. 'ड्रम थांबा, फक्त कीज' हे तो मंडळीसमोर म्हणू शकत नाही. एमडीकडे टॉकबॅक माइक असतो, त्याचा आवाज फक्त मॉनिटरमध्ये (संघाला स्वतःचे ऐकू यावे म्हणून असलेल्या स्पीकरमध्ये किंवा इन-इअरमध्ये) जातो, मुख्य स्पीकरमध्ये नाही. कुठे जायचे हे लीडर ठरवतो. तिथे सगळ्यांना एकाच वेळी पोचवणे हे एमडीचे काम. बहुतेक वेळा हे काम कीबोर्डवाला किंवा बेसवाला करतो, कारण दोघांनाही वाजवता वाजवता बोलता येते.

क्यू कधी द्यायचा तेही पानावर असू द्या: चालू भागाच्या शेवटच्या बारमध्ये, पहिल्या दोन मात्रांवर भागाचे नाव, उरलेल्या दोनवर 'तीन, चार'. चौथ्या मात्रेवर 'ब्रिज' ओरडले तर ड्रमरचा फिल आधीच सुरू झालेला असतो.

झांज
एमडी नवीन वाटतो, पण ही भूमिका फार जुनी आहे. बायबलमधल्या १ इतिहास या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात कनन्या गायनाचा प्रमुख आहे, आणि त्याला ते काम का दिले तेही तिथेच लिहिले आहे: तो त्यात निपुण होता. त्याच अध्यायात आसाफ, हेमान आणि एथान पितळी झांजा वाजवतात. पुढे २५ व्या अध्यायात २८८ शिकलेले गाणारे आहेत, २४ वर्गांत १२-१२, आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. तिथे लहान-थोर किंवा गुरू-शिष्य असा भेद ठेवलेला नाही. पाळीपत्रकाचा मूळ नमुना हाच.

बायबलमधल्या स्तोत्रांच्या शीर्षकांत 'मुख्य गवयासाठी' असे ५५ वेळा येते. 'सेला' हा शब्द स्तोत्रसंहितेत ७१ वेळा आणि हबक्कूकमध्ये ३ वेळा. त्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण गाणे थांबवून वाद्यांना जागा देण्याची ती खूण असावी असे बरेच जण मानतात. नव्या सदस्याला हे सांगावेच. आपण वापरतो त्या खुणांना केवढी परंपरा आहे ते त्याला कळते.

पहिली_ओळ
यादीत 'स्तुती' आणि 'आराधना' नाहीत का? जलद गाणी स्तुती, संथ गाणी आराधना, अशी विभागणी सेटलिस्टमध्ये (उपासनेतल्या गाण्यांच्या यादीत) सर्रास करतात.

झांज
करतात खरे, पण ती करू नये असे मला मनापासून वाटते. स्तुती म्हणजे देव कोण आहे आणि त्याने काय केले ते गाणे. आराधना म्हणजे त्याच्यासमोर नमणे. यात ठेक्याचा काहीच संबंध नाही. ६० बीपीएमला स्तुती होते आणि १३० ला आराधना होते. सेटलिस्टवर वेग सांगायचा असेल तर सरळ बीपीएम लिहावे.

पहिली_ओळ
अर्थाने बरोबर आहे. पण 'दोन स्तुती, दोन आराधना' म्हटल्यावर सगळ्यांना क्रम लगेच कळतो, ती सोय जाईल.

चौथी_मात्रा
बीपीएम लिहिताना ६/८ कडे विशेष लक्ष द्या. ६/८ मध्ये क्लिक (वेग धरून ठेवणारी टिकटिक) दोन प्रकारे लावतात: सहाही मात्रांवर, किंवा बारमध्ये दोनदा, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या गटावर एक. तेच गाणे एकाच्या चार्टवर (गाण्याच्या कॉर्डच्या कागदावर) ५० असते आणि दुसऱ्याच्या १५०. दोन्ही बरोबर असतात, पण आकडा कशाचा ते लिहिलेले नसते आणि इंट्रोलाच गाडी घसरते. '६/८, बारमध्ये दोन, ५०' असे पूर्ण लिहावे.

तबला किंवा ढोलक असेल तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. तबलावाला आवर्तन मोजतो, ड्रमर बार मोजतो. दादरा सहा मात्रांचा, तो ६/८ च्या एका बारवर नीट बसतो. केहरव्याच्या आठ मात्रा मात्र कोणी ४/४ च्या एका बारमध्ये धरतो, कोणी दोन बारमध्ये. 'चार बारचा इंट्रो' म्हणजे किती आवर्तने, हे सरावाच्या सुरुवातीलाच बोलून घ्यावे.

काळी_चार
पट्टीचेही, म्हणजे कीचेही, तसेच. पेटी शिकलेला 'काळी चार' म्हणतो, गिटारवाला 'जी शार्प' म्हणतो, सूर तोच. पानाच्या मागे छोटा तक्ता द्या: पांढरी १ म्हणजे सी, काळी १ सी शार्प, पांढरी २ डी, काळी २ डी शार्प, पांढरी ३ ई, पांढरी ४ एफ, काळी ३ एफ शार्प, पांढरी ५ जी, काळी ४ जी शार्प, पांढरी ६ ए, काळी ५ ए शार्प, पांढरी ७ बी.

आणि तबल्याची पट्टी ऐनवेळी बदलता येत नाही. एका दायाँला (उजव्या हाताच्या तबल्याला) चढवता-उतरवता येते, पण थोडेच, आणि नीट लावायला वेळ जातो. सेटमध्ये चार गाणी चार पट्ट्यांत असतील तर तबलावाल्याला दोन दिवस आधी कळवा, म्हणजे तो दुसरा दायाँ घेऊन येईल.

सहा_तारा
कॅपोबद्दल. कॅपो म्हणजे गिटारच्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा. गिटारच्या दांड्यावरच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून गिटारवाला जीचे आकार वाजवतो, तेव्हा ऐकू येते ए. कोणी 'की काय?' विचारले की तो बोटे पाहून 'जी' म्हणतो, आणि बेस जीमध्ये सुरू होतो. नियम एकच: बोलताना नेहमी ऐकू येणारी की सांगायची. कॅपो हा गिटारवाल्याचा खासगी हिशेब.

यावर सगळ्यात सोपा उतारा म्हणजे आकड्यांची पद्धत. स्केलचा पहिला कॉर्ड १, चौथा ४, पाचवा ५, सहावा मायनर ६. १-५-६-४ म्हणजे जीमध्ये जी, डी, ई मायनर, सी, आणि एमध्ये ए, ई, एफ शार्प मायनर, डी. की बदलली तरी चार्ट तोच राहतो. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलमध्ये जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी सुरू केली, म्हणून तिला नॅशव्हिल नंबर सिस्टीम म्हणतात.

काळी_चार
आपल्याला ही पद्धत परकी नाहीच. १-५-६-४ म्हणजे त्या त्या कॉर्डचे मूळ स्वर सा-प-ध-म. सरगम येणाऱ्याला पाच मिनिटांत कळते.

मंद्रसप्तक
वा, हे पानावर यायलाच हवे. आकडे हाताच्या बोटांनीही दाखवता येतात: चार बोटे म्हणजे चारवर जा. फक्त एक जपायचे. काही संघांत बोटांनी कीसुद्धा दाखवतात, वर केलेली बोटे म्हणजे शार्प, खाली केलेली म्हणजे फ्लॅट. दोन बोटे वर म्हणजे डी, तीन खाली म्हणजे ई फ्लॅट. एकाच संघात दोन्ही पद्धती वापरल्या तर दोन बोटांचा अर्थ 'दोनचा कॉर्ड' की 'डी की' हे कोणालाच कळणार नाही. एक निवडा. बाकीच्या खुणा सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून आपल्या संघाच्या लिहूनच ठेवाव्यात. बोट गोल फिरवले की पुन्हा, तळवा खाली की हळू, मूठ की शेवट, एवढ्या तिघांवर बरेच भागते.

पहिली_ओळ
की ठरवण्याबद्दल कोणीच बोलले नाही. की लीडरच्या गळ्याची नसते, मंडळीच्या गळ्याची असते. ध्वनिमुद्रणातली की उंच गळ्याच्या गायकाला शोभेल अशी असते आणि तीच जशीच्या तशी उचलली की ब्रिजला मंडळी गप्प होते. मोजमाप सोपे आहे. गाण्यातला सर्वांत वरचा स्वर शोधा, मग की अशी निवडा की तो स्वर डीपर्यंत थांबेल, फार तर ईला एखाद्या वेळी शिवेल. खालचा स्वर साधारण एच्या खाली जाऊ नये. पुरुष आणि बाया एका सप्तकाच्या अंतराने गातात, त्यामुळे मर्यादा दोघांनाही जवळजवळ तीच पडते.

ऑक्टेव्ह जंप हा वेगळा त्रास. लीडर पहिली कडवी खर्जात गातो आणि शेवटच्या ध्रुवपदाला एक सप्तक वर उडी मारतो. मुद्रणात ते सुरेख वाटते. सभागृहात निम्मे लोक खाली राहतात, निम्मे वर जाऊन ओरडतात, आणि पुष्कळ जण थांबून नुसते ऐकतात. उडी घ्यायचीच तर एका साथगायकाने मूळ सप्तकात, माइकवर नीट ऐकू येईल असे गात राहावे, म्हणजे लोकांना धरायला काहीतरी राहते.

फेडरवर_बोट
साउंडचे तीन शब्द यादीत आहेत, त्यांतल्या 'गेन'वर दोन ओळी जास्त द्या. गेन म्हणजे आवाज मोठा करायचे बटण नव्हे. माइकमधून येणारा सिग्नल मिक्सरमध्ये किती जोराने घ्यायचा ते गेन ठरवतो. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास आणि सर्वांत मोठी उसळी उणे ६ च्या खाली राहील असा ठेवतात. तो ठरवताना गायकाने 'हॅलो, चेक' म्हणून भागत नाही. ब्रिज जसा गाणार तसाच, पूर्ण जोराने गायचा. सरावात कुजबुजून गायले आणि उपासनेत मोकळा आवाज सोडला की सिग्नल फाटतो.

सरावानंतर गेनला हात लावू नये, कारण मॉनिटरला जाणारा आवाजही त्याच गेनमधून जातो. सभागृहासाठी गेन वाढवला की रंगमंचावर त्या गायकाचा मॉनिटरही वाढतो आणि शिट्टी सुरू होते. उपासना चालू असताना फक्त फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवावा.

शिट्टीचे दुसरे कारण हात. माइकची जाळी मुठीत धरली की माइकची दिशा ओळखण्याची क्षमता जाते आणि तो चारही बाजूंनी ऐकू लागतो, मॉनिटरही. दांडा धरावा, जाळी मोकळी ठेवावी. लीडरने ओठांपासून दोन ते पाच सेंटीमीटर, साथगायकांनी दहाच्या आसपास. कार्डिऑइड माइक असेल तर मॉनिटर थेट मागे ठेवा. सुपरकार्डिऑइडला नेमके मागून थोडे ऐकू येते, त्याचा मॉनिटर मागे पण तिरका, मधल्या रेषेपासून बाजूला सरकवून ठेवावा लागतो.

सहा_तारा
डीआयचाही खुलासा करा ना. नवे वादक तो डबा बघून घाबरतात.

फेडरवर_बोट
गिटार किंवा कीबोर्डची वायर लांब गेली की गुणगुण पकडते, आणि गिटारचा वरचा, टोकदार आवाज बोथट होतो. पाच-सहा मीटरपुढे फरक स्पष्ट कळतो. डीआय हा डबा तो सिग्नल बॅलन्स्ड, म्हणजे गुणगुण सहज न पकडणारा, करतो, मग एक्सएलआर वायरीने तो पुष्कळ लांब नेता येतो. ॲक्टिव्ह डीआयला वीज लागते, ती मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरमधून मिळते. फँटम चालू-बंद करण्याआधी चॅनल म्यूट करा, नाहीतर स्पीकरमध्ये जोराचा धक्का बसतो.

गुणगुण आली तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्ट बटण दाबून बघा. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्याने गुणगुण जाते आणि गिटार धरून माइकला ओठ लावणाऱ्याच्या जिवाला धोका होतो. हे पानावर ठळक अक्षरांत हवे.

मंद्रसप्तक
इन-इअर एकाच कानात घालू नका, हेही त्याच ठळक अक्षरांत. एक कान मोकळा ठेवला की खोलीचा गोंगाट आत येतो, मग दुसऱ्या कानात आवाज वाढवला जातो आणि त्या कानाचे नुकसान होते. मंडळीचे गाणे ऐकू येत नाही ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे सभागृहाकडे तोंड केलेले एक-दोन माइक, ज्यांचा आवाज फक्त इन-इअरमध्ये जातो.

पॅडबद्दल लिहितोच. पॅड म्हणजे लांब, न तुटणारा सूर, दोन गाण्यांमध्ये किंवा प्रार्थनेखाली धरलेला. त्यात बहुधा १ आणि ५, म्हणजे सा आणि प एवढेच ठेवतात. गंधार नसला की वर मेजर येवो वा मायनर, तो खुपत नाही. की बदलली की जुना पॅड विरत विरत नवा वर आणावा. दोन्ही पूर्ण आवाजात एकत्र राहिले तर कानाला लगेच टोचते. पाळक बोलत असताना पॅडचा मधला, बोलण्याच्या आवाजाचा पट्टा कमी करावा, नाहीतर शब्द बुडतात. आणि बेस वाजत असेल तर कीबोर्डवाल्याने डावा हात खालच्या सप्तकात नेऊ नये. दोघे तिथे आले की खालचा आवाज चिखलासारखा होतो आणि दोष साउंडवाल्यावर येतो.

रिकामी_स्लाइड
इतका वेळ वाचते आहे. सगळ्यांनी गेनपासून कॅपोपर्यंत सांगितले, पण मंडळीला गाता यावे म्हणून जो माणूस प्रत्येक ओळीवर जागा असतो, त्याच्याबद्दल मूळ यादीत 'स्लाइड' एवढा एकच शब्द आहे.

स्लाइड ओळ संपल्यावर बदलायची नसते. चालू स्लाइडचे शेवटचे दोन-तीन शब्द गायले जात असतानाच बदलायची, कारण लोक ते शब्द आधीच वाचून झालेले असतात आणि पुढच्या ओळीसाठी श्वास घेत असतात. म्हणून एमडीचा क्यू स्लाइडवाल्याच्या कानातही गेला पाहिजे. टॉकबॅकची एक वायर किंवा एक इन-इअर तिथे द्या. लीडरने अचानक ब्रिजऐवजी दुसरे कडवे घेतले तर बँडला ते कळते, आणि पडद्यावर मात्र ब्रिजच राहतो.

देवनागरीच्या काही खास गोष्टी. स्लाइडवर दोन ते चार ओळी, त्यापेक्षा जास्त नाही. ओळ अर्थाने तोडा, रुंदी संपली म्हणून नको. 'तुझ्या' वर ओळ संपली आणि 'चरणांशी' खाली गेले की लोक मध्येच श्वास घेतात. ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त लागते, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात. ते कमी पडले की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. आणि गाणी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की त्या फॉन्टशिवाय निरर्थक खुणा दिसतात, आणि हे कळते ते उपासनेला पाच मिनिटे उरलेली असताना.

गाण्यांच्या स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) परवाना असेल तर त्याचा क्रमांक आणि गीतकार-संगीतकारांची नावे पहिल्या किंवा शेवटच्या स्लाइडवर येतात. अशा परवान्यांचे काम सीसीएलआय ही संस्था १९८८ पासून करते. थेट प्रक्षेपणाचा परवाना वेगळा असतो, तो आहे का ते विचारून घ्या.

चौथी_मात्रा
रिकामी_स्लाइड यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. सरावाला स्लाइडवाला हजर असावा, आणि बँडने गाण्याचा क्रम बदलला की त्याच्या कागदावरही तो बदलला पाहिजे. सरावाचे शब्दही द्या: लाइन चेक म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतो का ते बघणे, साउंडचेक म्हणजे आवाजाचे प्रमाण लावणे, रन-थ्रू म्हणजे न थांबता पूर्ण सेट. तिन्हींना लोक 'साउंडचेक' म्हणतात, म्हणून गायक लाइन चेकला येऊन ताटकळतात.

पहिली_ओळ
साथगायकांसाठी एक ओळ: पहिले कडवे सगळ्यांनी एका सुरात, हार्मनी ध्रुवपदापासून. मंडळीला चाल पक्की झाल्याशिवाय वरचा तिसरा स्वर आला की लोक त्याच्यामागे जातात. आणि ओळीच्या शेवटचा 'स' किंवा 'त' एकानेच उच्चारावा, बाकीच्यांनी स्वरावर सोडावे. चार जणांचे चार 'स' माइकवर फसफसतात.

कडवेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पान असे करतो आहे. कोरसच्या जागी ध्रुवपद, बाकी शब्द बोलतात तसेच. टॅग आणि व्हॅम्पसाठी चौथी_मात्रा यांचेच शब्द. मागच्या बाजूला काळी-पांढरीचा तक्ता आणि त्याच्या शेजारी १-४-५-६ ला सा-म-प-ध. अर्थिंगची पिन आणि इन-इअर ठळक. स्तुती-आराधना या नावांखाली वेग लिहीत नाही, सेटलिस्टवर बीपीएम लिहितो. स्लाइडला स्वतंत्र चौकट, आणि ती लीडर-एमडीच्या लगेच खाली.

एकच शंका उरली. रंगमंचावरचे डावे-उजवे कोणाचे धरायचे?

फेडरवर_बोट
मंडळीकडे तोंड करून उभ्या असलेल्या वादकाचे. 'स्टेज लेफ्ट' म्हणजे त्याची डावी बाजू, मिक्सरवर बसणाऱ्याला ती उजवीकडे दिसते. मिक्सरवर चॅनलना नावे देताना 'डावा मॉनिटर' न लिहिता 'बेसचा मॉनिटर', 'लीडरचा मॉनिटर' असे लिहा, म्हणजे हा प्रश्न येतच नाही.

रिकामी_स्लाइड
पान तयार झाले की इथे टाका. शुद्धलेखन मी तपासून देते.